नवोदयची प्रवेश परीक्षा: पेपर किती अवघड, आणि गावच्या लेकराला न्याय मिळतो का?

नवोदय म्हणजे सहावी ते बारावीची केंद्र सरकारची निवासी शाळा, आणि तिथे जायचं तर पाचवीत प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या एका पालकांचं म्हणणं आहे, "जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पाचवीच्या पोराला नवोदयचा पेपर झेपत नाही, पुस्तकात नसलेलं विचारतात. खेड्यातल्या मुलांसाठी काढलेली शाळा, आणि नंबर लागतो क्लासवाल्यांच्या मुलांचा." त्यावर अंबाजोगाईच्या एका आईंनी विचारलं, "आमचं लेकरू शहरात शिकतं म्हणून त्याला ऐंशीतल्या वीसच जागा, हा कुठला न्याय?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पेपर आणि प्रवेशाचे नियम या गोष्टी मात्र वेगवेगळ्या बघाव्या लागतील. पेपर जेवढा अवघड वाटतो तेवढा नाही. खरी अडचण नियमांच्या फटीत आहे, आणि आपल्या मराठवाड्यात ती ऊसतोडीच्या हंगामातही आहे.

आधी पेपर. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, वेळ २ तास. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर मराठीतून देता येतो.

निम्मे गुण बुद्धिमत्तेचे आहेत आणि ती सगळी आकृत्यांची आहे: वेगळी आकृती ओळखा, जुळणारी आकृती शोधा, अपुरी आकृती पुरी करा, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून पाडलेलं छिद्र, लपलेली आकृती. दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. यात इंग्रजी लागत नाही, घरात पुस्तकं असावी लागत नाहीत, आईवडील शिकलेले असावे लागत नाहीत. वस्तीवरच्या लेकराला यापेक्षा बरोबरीचा पेपर दुसरा कुठला मिळेल, सांगा. यात फरक पाडतो तो फक्त सराव. पहिल्यांदाच ही आकृती बघणारं मूल तीन मिनिटं बघत बसतं, आणि पन्नास वेळा घडी घातलेलं मूल दहा सेकंदांत गोल रंगवून पुढे जातं.

हा सराव फुकटात होतो. चौकोनी रद्दी कागद घ्या. डावी बाजू उजवीवर दुमडा, मग वरची बाजू खाली दुमडा. आता हातात चार पदरी छोटा चौकोन आहे. मुलाला विचारा, मूळ कागदाचा मधला बिंदू कुठे गेला? तो वर डावीकडच्या कोपऱ्यात असतो, कारण दोन्ही घड्या तिथे मिळतात. त्या कोपऱ्याजवळ छिद्र पाडलं तर उघडल्यावर मध्यभागी चार छिद्रं जवळजवळ दिसतील. खाली उजवीकडे, सुट्या कडांच्या कोपऱ्यात पाडलं तर कागदाच्या चार कोपऱ्यांत चार छिद्रं दिसतील. आणि डावीकडच्या घडीवरच अर्धगोल कापला तर चार नाही, दोनच पूर्ण गोल निघतील, मधल्या उभ्या रेषेवर एकाखाली एक. मुलं चुकतात ती नेमकी इथे: 'चार पदर म्हणजे चार छिद्रं' असं पाठ करून बसतात. म्हणून आधी उत्तर बोलायला लावा, मग कागद उघडा. आठवडाभर रोज पाच कागद असे केले की पुढे कागदाची गरज राहत नाही.

आरशासाठी खिशातला छोटा आरसा पुरतो. घड्याळाची आरशातली वेळ काढताना ११:६० मधून दिलेली वेळ वजा करायची: ३:४० ची प्रतिमा ८:२० दिसते. लपलेल्या आकृतीसाठी पारदर्शक प्लास्टिकवर मूळ आकृती उतरवून ती पर्यायांवर फिरवून बघायला द्या. आकृती फिरवायची असते, उलटायची नसते, हा फरक त्यातून आपोआप कळतो.

गेवराईच्या पालकांची तक्रार खरी ठरते ती अंकगणितात. परीक्षा देशभरासाठी एक आहे, आणि तिच्या अभ्यासक्रमात लसावि-मसावि, शेकडेवारी, नफा-तोटा आहे. राज्याच्या पाठ्यपुस्तकात हे धडे सहावीत येतात. पाचवीच्या पुस्तकात विभाज्य-विभाजक, अपूर्णांक, दशांश, परिमिती, क्षेत्रफळ इथपर्यंत गाडी जाते. म्हणजे वर्गात पहिला येणारा मुलगाही सात-आठ महिने पुढचं शिकवल्याशिवाय या २५ गुणांना हात घालू शकत नाही. शिक्षकाने ज्यादा तास घेतला तर शिकेल, नाहीतर क्लासची फी भरणाऱ्याचं मूल शिकेल. यात लेकराची चूक काहीच नाही. त्यावर उपाय साधा आहे: शाळेतल्या मोठ्या मुलाकडून सहावीचं गणिताचं जुनं पुस्तक घ्या आणि त्यातले विभाज्यता, मसावि-लसावि, शेकडेवारी, नफा-तोटा एवढेच धडे जुलै ते सप्टेंबर या काळात करून घ्या. बीजगणित, भौमितिक रचना यांच्या मागे लागू नका.

प्रश्न कसा फिरवतात ते बघा. 'एका आयताकृती शेताची लांबी ४८ मीटर व रुंदी ३६ मीटर आहे. कुंपणासाठी चारही कोपऱ्यांत खांब हवेत आणि सगळे खांब समान अंतरावर हवेत. कमीत कमी किती खांब लागतील?' खांब कमीत कमी म्हणजे अंतर जास्तीत जास्त, म्हणजे ४८ आणि ३६ चा मसावि, तो १२. परिमिती १६८ मीटर. १६८ भागिले १२, उत्तर १४. पर्यायांत १२ ठेवतात, कारण अर्धी मुलं मसावि काढून थांबतात. १५ ठेवतात, कारण सरळ रेषेत झाडं लावायच्या गणितात एक मिळवायला शिकवलेलं असतं. कुंपण गोल फिरून पहिल्याच खांबाला येऊन मिळतं, इथे एक मिळवायचा नाही. हे फळ्यावर पाठ करून घेण्यापेक्षा अंगणात काड्या रोवून दाखवा.

दुसरी चूक आपणच शिकवतो. 'कंचेभागुबेव' पाठ केलेलं मूल २० − ८ + ५ मध्ये आधी बेरीज करतं आणि ७ लिहितं. बरोबर उत्तर १७. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, तिथे डावीकडून उजवीकडे जायचं. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. पदावलीचा एक तरी प्रश्न असतोच, आणि हा सव्वा गुण हातचा जातो.

भाषेत चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. उत्तर उताऱ्यात असतं, पण शब्द बदललेले असतात. मूल अडखळत वाचत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वाचन घ्या, कारण गणिताचे शाब्दिक प्रश्नही त्यावरच अडतात. रोज एक पानभर नवा मजकूर मोठ्याने वाचायचा आणि 'हे कशावरून म्हणतोस?' असं विचारून उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायला लावायचं. घरची बोली आणि पुस्तकी मराठी यांत अंतर असलेल्या मुलांना, विशेषतः तांड्यावरच्या लेकरांना, विरुद्धार्थी-समानार्थी शब्द जास्त द्यावे लागतात.

वेळेची वाटणी अशी ठेवा: बुद्धिमत्ता ४५ मिनिटं, भाषा ३०, गणित ४०, शेवटची ५ मिनिटं रिकामे गोल भरायला. गणित शेवटी, कारण ते वेळ गिळतं. गुण कापत नसल्याने एकही गोल कोरा सोडायचा नाही. हे मुलांना दहा वेळा सांगावं लागतं, कारण 'येत नसेल तर सोडून दे' ही सवय शाळेतच लागलेली असते. उत्तरपत्रिका निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने रंगवायची, खाडाखोड चालत नाही. सगळ्यात महागात पडते ती सरकलेली ओळ: मूल २३ वा प्रश्न सोडतं आणि २४ चं उत्तर २३ च्या गोलात रंगवतं, पुढचं सगळं वाया. म्हणून प्रत्येक पान संपलं की प्रश्न क्रमांक आणि गोल क्रमांक जुळवायची सवय लावा. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स आणून दिवाळीनंतर आठवड्याला दोन पूर्ण पेपर, सकाळी ११:३० ते १:३० याच वेळेत, असा सराव घ्या. खरा पेपरही याच वेळेत असतो.

आता न्यायाचा प्रश्न. नवोदय विद्यालयं १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून आली, आणि पहिल्या दोन विद्यालयांतलं एक आपल्याच राज्यात, अमरावतीला निघालं. हेतू ग्रामीण भागातल्या हुशार मुलांचा होता, म्हणून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण कोट्यात आहेत. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं, त्यातल्या ६० ग्रामीण. अंबाजोगाईच्या ताईंनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: उरलेल्या २० जागा शहरासाठी राखीव नाहीत, त्या गुणवत्तेवर सगळ्यांना खुल्या आहेत. ग्रामीण मूलही त्यात येऊ शकतं. शहरातल्या मुलासाठी स्पर्धा कडक आहे हे खरं, पण शहरातल्या मुलाला दुसऱ्या शाळा आहेत. गेवराईच्या तांड्यावरच्या मुलीला गढीच्या विद्यालयाशिवाय बारावीपर्यंत राहून शिकायची सोय कुठे आहे? म्हणून हा कोटा योग्यच आहे.

अन्याय होतो तो कोट्याच्या व्याख्येत. ग्रामीण ठरतं ते शाळेच्या जागेवरून. घराच्या पत्त्यावरून नाही, आणि गरिबीवरून तर नाहीच. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण सत्र ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. मग होतं असं: शहराच्या हद्दीबाहेर, हायवेला लागून, ग्रामपंचायतीच्या जमिनीवर इंग्रजी शाळा उभी राहते. बसने शहरातली मुलं तिथे जातात आणि कागदोपत्री ती ग्रामीण असतात. नियमाने यात काही चुकीचं नाही, पण साठ जागांतला मोठा वाटा तिकडे वळतो. दुसरा प्रकार सरळ खोटा आहे: नाव खेड्यातल्या शाळेच्या पटावर आणि मूल शहरातल्या निवासी क्लासमध्ये. तिथे मुख्याध्यापकांची सही असते, आणि त्या सहीमुळे त्याच वर्गात रोज हजर असणाऱ्या दुसऱ्या लेकराची जागा जाते. खोटी माहिती उघड झाली तर प्रवेश रद्द होतो. गावात असं दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हजेरीचा विषय लेखी मांडा. समितीत पालकच बहुसंख्य असतात, हा अधिकार वापरा.

याउलट खऱ्या गावच्या मुलाचा कोटा नकळत जातो, तेही सांगतो. तिन्ही वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. चौथीत असताना मामाकडे शहरात दोन महिने नाव घातलं आणि परत आणलं, की संपलं. आणि 'शहरी' म्हणजे २०११ च्या जनगणनेतलं शहर एवढंच नाही, नंतरच्या अधिसूचनेने झालेलंही. वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, घनसावंगी, मंठा, पालम, सेनगाव, रेणापूर, लोहारा, अर्धापूर ही गावं आता नगरपंचायती आहेत. तिथली जिल्हा परिषदेची शाळा खेड्यासारखीच दिसते, मुलंही शेतकऱ्यांचीच, पण अर्ज भरण्याआधी शाळेची नोंद ग्रामीण आहे की शहरी हे मुख्याध्यापकांकडून यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. जागा विद्यालयागणिक आहेत, लोकसंख्येगणिक नाहीत. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार ३३ लाखांवर लोक, आणि शंकरनगरच्या विद्यालयात ८० जागा. धाराशिवमध्ये ८ तालुके, साडेसोळा लाख लोक, आणि तुळजापूरला तेवढ्याच ८० जागा. त्यामुळे कंधारच्या मुलाला कळंबच्या मुलापेक्षा जास्त गुण लागले तर नवल नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या प्रवर्गातल्या ओळखीच्या मुलाचे गुण सांगून स्वतःच्या लेकराला घाबरवू नका.

ऊसतोडीच्या घरांची अडचण सगळ्यात मोठी आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. परीक्षा २०२५ मध्ये १८ जानेवारीला होती आणि त्यापुढच्या सत्रासाठी ती १३ डिसेंबर २०२५ लाच आली. म्हणजे सरावाच्या ऐन दोन महिन्यांत लेकरू फडावर, कोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं. अशा घरांनी तीन गोष्टी कराव्यात. सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांना हंगामी वसतिगृहाचं विचारा. गावात आजी-आजोबा असतील तर लेकरू त्यांच्याकडे ठेवा, मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय याच योजनेत होते. न्यावंच लागलं तर शाळेचा दाखला काढू नका. शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे मूळ शाळेतलं नाव टिकतं. पाचवी ज्या जिल्ह्यात, प्रवेशही त्याच जिल्ह्यात, आणि कारखान्याजवळच्या शाळेत नाव गेलं की ही अट मोडते. तिसरं, मुकादमाशी उचलीचं, म्हणजे आगाऊ पैशांचं, बोलतानाच परीक्षेसाठी चार दिवसांच्या रजेचं बोलून ठेवा. अभ्यासक्रम मात्र ऑक्टोबरअखेर संपलेला हवा.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे, पण तो साधारण जून-जुलैत निघतो, नेमका पेरणीच्या घाईत. शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात विचारा. मुख्याध्यापकांच्या सहीचं, फोटो लावलेलं प्रमाणपत्र, पालकांची व मुलाची सही आणि आधार लागतो. घोळ होतो तो इथे: आधारवर चाकणचा किंवा पुण्याचा पत्ता, किंवा शाळेच्या रजिस्टरात एक जन्मतारीख आणि आधारवर दुसरी. हे चौथीच्या उन्हाळ्यात दुरुस्त करून घ्या, कारण वयाची अट तारखेवर आहे आणि एक दिवसही सवलत नाही. परीक्षेची भाषा भरताना पुढची शाळा सीबीएसईची आहे म्हणून इंग्रजी लिहू नका. मूल ज्या भाषेत शिकतं तीच भरा, नंतर बदलत नाही.

आरक्षणाचा रकाना जपून भरा. ओबीसींना २७ टक्के जागा आहेत, पण त्या केंद्राच्या यादीप्रमाणे. राज्यातला व्हीजे-एनटी हा वेगळा प्रवर्ग इथे नाही. बंजारा, वंजारी, धनगर यांची नोंद केंद्राच्या ओबीसी यादीत आहे, म्हणून त्यांनी ओबीसी भरायचं आणि केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र काढून ठेवायचं. कुणबी प्रमाणपत्र असेल तर तेही ओबीसीतच. राज्याचं एसईबीसी प्रमाणपत्र मात्र इथे चालत नाही, त्यांनी सर्वसाधारण भरावं. मुलींना किमान एक तृतीयांश जागा आहेत. तरीही कितीतरी गावांत मुलीचा अर्जच भरला जात नाही, आणि याचं फार वाईट वाटतं.

सहावीची परीक्षा एकदाच देता येते. पाचवीत नापास ठेवून किंवा पुन्हा बसवून दुसरी संधी घेणं नियमात बसत नाही. वर्षभराच्या या अभ्यासातली बुद्धिमत्ता आणि गणित शिष्यवृत्तीलाही कामी येतं. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे: पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. नवोदयचं दार नववीला पुन्हा थोडं उघडतं. रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, अर्ज आठवीत असताना भरायचा. त्यात गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५ आणि हिंदी १५ गुणांना असतं आणि प्रश्न इंग्रजी-हिंदीतच येतात, मराठीत नाही. तेव्हा त्या मार्गाने जायचं असेल तर सातवीपासूनच गणित-विज्ञानाचे हिंदी पारिभाषिक शब्द मुलाच्या कानावर पडू द्या.